मुलांची न्याहारी : किती, आणि कोणाच्या मापानें?

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं न्याहारीवरून एक वाद माजला. वाद तसा जुनाच. लहान मूल आणि चार वडील माणसें जेथें एकत्र नांदतात, तेथें तो कधीं ना कधीं व्हावयाचाच. आणि बहुधा तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीं सुरू होऊन तेथेंच विरतो. आमचा वाद मात्र डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला, आणि परत आला तो दोष आमच्याच पदरांत घालून. म्हणून या वेळचें सदर त्या विषयास दिलें आहे.

आमची नात चार वर्षांची. मुलगी चपळ, बोलकी, पण अंगानें किरकोळ. ती "कांहींच खात नाहीं" ही घरांतील सर्वांची एकमुखी तक्रार. सकाळीं आठ वाजतां सूनबाई पोह्यांची किंवा उपम्याची बशी तिच्यापुढें ठेवीत. पोर दोन घास खाई आणि बशी दूर लोटी. मग तिची आजी काऊचा घास, चिऊचा घास करीत आणखी चार घास भरवी. तेंहि न साधलें तर मोबाइलवर गाणें लागे, आणि पोरीचे डोळे त्यांत गुंतले कीं तोंडांत चमचा जाई. एवढें करूनहि बशींत जें उरे, तें पाहून सर्वांनीं हळहळावें. धाकटी सून एकदां म्हणाली, "वहिनी, तिला भूकच नसेल. सोडा ना आजच्या दिवस." यावर वडीलधाऱ्या मंडळींनीं तिला अनुभवाचे चार शब्द सुनावले. सुनावणाऱ्यांत आम्हीहि होतों.

याच सुमारास पोर फिकी दिसूं लागली. दोन जिने चढली कीं पायरीवर बसे. एके दिवशीं ती पाटीवरची पेन्सिल कुरतडून खातांना सांपडली. पेन्सिल खाणें ही पूर्वीं नुसती खोड समजली जाई आणि तिचें उत्तर धपाट्यानें मिळे. परंतु अंगांत लोह कमी पडलें कीं मुलांस अशा अखाद्य वस्तूंची ओढ लागते, हें आतां वैद्यकशास्त्रास चांगलें ठाऊक आहे. रक्त तपासलें. हिमोग्लोबिन ९.४ निघालें, या वयांत तें ११ च्या खालीं असूं नये. खात्यापित्या घरांत असें कसें झालें, असा प्रश्न आम्हीं मोठ्या तोऱ्यानें केला. डॉक्टरांनीं न्याहारीविषयीं अक्षरहि काढलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "दूध किती पिते?"

सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. सूनबाई म्हणाल्या, एक पेला. आजी म्हणाली, एक पेला. आमच्याहि मनांत एकच पेला होता. डॉक्टर हंसले, आणि तीन दिवस एका वहींत, ज्यानें जें दिलें तें त्यानेंच लिहावें, अशी आज्ञा झाली.

ती वही म्हणजे आमच्या प्रेमाचा पंचनामाच होता. सकाळीं साडेसहाला आम्ही फिरून येतों तों नात उठलेली असते. तिला आमच्या हातचा पेलाभर दूध, वर दोन चमचे साखर. साडेसातला तिचे काका चहा घेतात, तेव्हां त्यांच्या बशींत बुडविलेलीं चार बिस्किटें. आठ वाजतां आईचे पोहे, जे ती खात नाहीं म्हणून आम्ही सारे शोक करीत होतों. बालवाडींतून दमून येते म्हणून आजीचा पेला, दुपारीं झोपून उठते म्हणून काकूचा, सायंकाळीं खेळून आल्यावर आणखी एक, आणि रात्रीं निजतांना आईचा. पांच पेले! दिवसाकांठीं लिटरभर म्हशीचें दूध त्या वीतभर पोटांत जात होतें, आणि प्रत्येकाला वाटे कीं आपण एकच पेला देतों.

आतां थोडा हिशेब पाहूं. चार ते सहा वर्षांच्या मुलास दिवसभरांत सुमारें साडेतेराशें कॅलरी लागतात. लिटरभर म्हशीच्या दुधांत हजाराच्या वर कॅलरी असतात. म्हणजे मुलीची जवळजवळ पाऊण भूक दुधानेंच भागत होती, आणि उरलेल्या पाव भुकेवर घरांतील सर्वांची झोंबाझोंबी चालली होती! शिवाय तेवढ्या दुधांत लोह फारच थोडें असतें. या वयाच्या मुलास अन्नांतून रोज सुमारें ११ मिलिग्रॅम लोह मिळावें अशी अपेक्षा आहे. शिवाय दुधांतील कॅल्शियम दुसऱ्या अन्नांतील लोहहि नीट अंगीं लागूं देत नाहीं. दूध हें चांगलें अन्न आहे यांत संशय नाहीं. पण तें वाटेल तितकें चांगलें ही समजूत मात्र सोडावयास हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या दर १०० मुलांत ६७ मुलें रक्तक्षयाचीं आढळलीं. त्याचें मूळ पुष्कळ ठिकाणीं दारिद्र्यांत आहे, परंतु आमच्यासारख्या घरांतील मुलेंहि त्या संख्येंत आहेत, आणि तेथें दारिद्र्याची सबब चालत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकजण विचारतील, "तें सर्व खरें, पण न्याहारी नेमकी किती द्यावी?" प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारतांना आपण एक गोष्ट गृहीत धरतों, कीं माप आपल्या हातीं आहे. मुलाचें पोट आपल्याला काय सांगतें याचा विचारच होत नाहीं. पहिल्या वर्षांत मुलाचें वजन तिप्पट होतें. पुढें हा वेग एकदम मंदावतो; दोन ते पांच वर्षांच्या दरम्यान मूल सालाला दोन-अडीच किलोच वाढतें. साहजिकच त्याची भूक अंगाच्या मानानें कमी होते, आणि ती रोज सारखीहि राहत नाहीं. नेमक्या याच वयांत घरोघरीं "पूर्वीं कसें छान खात होता" हा विलाप सुरू होतो.

या बाबतींत अमेरिकेंतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनीं केलेला प्रयोग फार प्रसिद्ध आहे. १९२८ सालीं त्यांनीं त्याचा पहिला वृत्तान्त छापला आणि १९३९ सालीं १५ मुलांची एकंदर हकीकत मांडली. नुकतीं अंगावरून सुटलेलीं हीं मुलें. त्यांच्यापुढें निरनिराळ्या वाट्यांतून साधे पदार्थ ठेवीत. सर्व मिळून ३४ पदार्थांची यादी होती. परिचारिकेनें चमचा घेऊन गप्प बसावयाचें. मुलानें बोट दाखविलें तरच घास द्यावयाचा, आग्रह नाहीं कीं नाराजी नाहीं. एखादें मूल सकाळीं अर्धा लिटर संत्र्याचा रस पिई, तर दुसरें रात्रीं केळ्यांवर ताव मारी. जेवणांस कांहीं ताळतंत्र नव्हतें, तरीहि मुलें उत्तम वाढलीं. एका मुलास मुडदूस होता. त्याच्यापुढें माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. तो बरा होईपर्यंत मधून मधून तें तेल आपण होऊन पीत राहिला, आणि बरा झाल्यावर त्यानें तें सोडलें.

हें वाचून कोणी मुलांपुढें बिस्किटांचा डबा उघडा ठेवील, तर त्यानें हा प्रयोग अर्धाच वाचला असें होईल. डेव्हिसबाईंनींच म्हटलें आहे कीं सारी खुबी त्या यादींत होती. यादींत साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते. मुलानें वाटेल तें निवडलें तरी तें वाईट निघूं नये, अशी तजवीज मोठ्यांनीं आधींच केली होती. मुलाचें स्वातंत्र्य होतें तें एवढ्याच अंगणांत.

पुढें १९९१ सालीं लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन ते पांच वर्षांच्या १५ मुलांचें सहा दिवसांचें खाणें मोजून पाहिलें. एकेका वेळचें खाणें फार कमीजास्त होई. तो फरक सरासरीनें शेंकडा ३४ च्या जवळपास भरला. परंतु दिवसाची बेरीज केली तर फरक अवघा शेंकडा दहा! सकाळीं ज्यानें बशी लोटली, तो दुपारीं भरपाई करी. म्हणजे आपण एका बशीकडे पाहून जो जीव टांगणीला लावतों, त्याचा निवाडा रात्रीं करावयाचा असतो. बर्चबाईंच्याच १९८७ च्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्या मुलांचें लक्ष "ताट स्वच्छ कर" याकडे वळविलें, त्यांचें पोटाकडील लक्ष सुटलें. आणि २००० सालीं आणखी एक गोष्ट ध्यानांत आली : तीन वर्षांच्या मुलांपुढें पान थोडें वाढा कीं मोठें वाढा, तीं आपल्या भुकेइतकेंच खात, पांच वर्षांचीं मुलें मात्र मोठें पान दिसलें कीं जास्त खात. तिसऱ्या वर्षीं जें मूल पोटानें जेवतें, तें पांचव्या वर्षीं डोळ्यांनीं जेवूं लागतें. मधल्या दोन वर्षांत त्याला हें कोण शिकवितें, तें आम्हीं सांगावयास नको.

येथें आमच्या घरांतील एका जुन्या संस्काराचा प्रश्न येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. पानांत टाकूं नये, हें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों आणि तें शिकवावेंच. पण चार वर्षांच्या मुलानें आपलें पान आपण वाढून घेतलेलें नसतें. मग टाकण्याचा दोष वाढणाऱ्याचा नव्हे काय? कोणत्याहि पदार्थाचे वयाच्या वर्षांइतके मोठे चमचे, हें आरंभास पुरेसें माप होय. चार वर्षांच्या मुलास चार चमचे पोहे. संपले आणि त्यानें मागितले तर पुन्हां चार, आणि पुन्हां मागितले तरी कुरकुर करूं नये. "आतां पुरे, किती खाशील" हेंहि तितकेंच वाईट. विशेषतः मुलगी अंगानें भरलेली असली कीं हे उद्गार पाहुण्यांदेखत निघतात. बशी लहान, वाढणें थोडें, आणि पुन्हां वाढण्यास हात मोकळा, एवढें पाळलें तर अन्न टाकण्याची पाळीच येत नाहीं.

आमच्या आजीच्या काळीं न्याहारी ही बहुतेक मुलांचीच असे. घरांत पूजा-नैवेद्य होईपर्यंत मोठीं माणसें तोंडांत कांहीं घालीत नसत. पण मुलांस ती अट नव्हती. कोंकणांत मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट. घाटावर कालची पोळी, तूप नि गूळ. एकदां वाढलें, खाऊन झालें, कीं दहा-अकरा वाजतां पानें मांडीपर्यंत मध्यें कांहीं नाहीं. लाडवांचा डबा फळीवर उंच असे. त्या काळचें सर्वच कांहीं वाखाणण्याजोगें नव्हतें, पण दोन खाण्यांमधील हें अडीच-तीन तासांचें अंतर शहाणपणाचें होतें. आज शाळेची घाई आहे हें आम्हांस मान्य आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊ वाजतां वा त्यानंतर भरवावेत असें ठरविलें, तें मुख्यतः मुलांच्या झोपेसाठीं; परंतु निवांत न्याहारीलाहि त्याचा उपयोग आहे. झोपेंतून उठल्या उठल्या पेला तोंडाला लावणें मात्र बंद करावयास हवें. मुलाला उठून अर्धा-पाऊण तास झाला कीं त्याला खरी भूक लागते. चहा तर मुलांस नकोच. तोहि लोहाचा वैरी. आणि दुधांत कालवावयाच्या गोड भुकट्यांविषयीं एवढेंच सांगतों कीं, २०२४ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनेंच विक्रेत्यांस अशीं पेयें "आरोग्यपेयें" या नांवाखालीं विकूं नका म्हणून बजाविलें.

मुलाचें वजन महिनोन्महिने वाढत नसेल, तें सुस्त राहत असेल, किंवा आजारांतून उठलें असेल, तर या लेखावर विसंबूं नये, डॉक्टरांकडे जावें.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगून टाकतों. दूध दिवसाला दोन पेल्यांवर आलें, आणि तेहि खाण्याच्या वेळींच. डॉक्टरांनीं लोहाचें औषध दिलें. तें दुधाबरोबर द्यावयाचें नाहीं, हें आजीनें भिंतीवर लिहून ठेवलें. पोह्यांत शेंगदाणे आणि वर लिंबू, कारण लिंबाच्या आंबटानें लोह अंगीं लागतें. केव्हां अळिवाची खीर, केव्हां मोड आलेली मटकी. बशी वीस मिनिटें पुढें राही, मग निमूट उचलली जाई. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. पोरीनें न्याहारीस हातच लावला नाहीं, आणि आजीच्या डोळ्यांस पाणी आलें. चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों, नात येऊन म्हणाली, "आजोबा, आज आपण काय खायचं?" हा प्रश्न तिनें त्यापूर्वीं कधीं विचारलाच नव्हता. त्याला वेळच कोठें मिळाला होता!

कार्तिकांत पुन्हां रक्त तपासलें, हिमोग्लोबिन ११.३ निघालें. धाकट्या सुनेला आम्हीं तें स्वतः जाऊन सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं, नुसती हंसली.

वही अजून फ्रिजवर लटकते आहे आणि सर्वजण तींत इमानानें लिहितात. फक्त दिवाळीच्या आठवड्यांत बेसनाचे लाडू भराभर कमी झाले, आणि त्या दिवसांच्या पानांवर आजीच्या अक्षरांत एका लाडवाचीहि नोंद नाहीं.