इंजिन फिरेपर्यंत एक चहा!

मुलांनो, पुण्याहून रेल्वेनं नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कधी गेलात का? तुमच्या आई-बाबांना विचारा. दौंड जंक्शन आलं की डब्यात एकच गलका व्हायचा, "इंजिन फिरतंय, चला खाली!"

भानगड अशी, की मनमाडकडे जाणारा फाटा दौंड स्टेशनच्या पुण्याकडच्या बाजूनंच उत्तरेला वळतो आणि भीमा ओलांडतो. हा मार्ग १८७८ सालचा. त्यामुळे पुण्याहून आलेली गाडी स्टेशनात शिरली की तिला आल्या दिशेनंच परत निघावं लागे. मग पुढचं इंजिन सोडायचं आणि शेपटाकडे नेऊन जोडायचं. पहिला डबा शेवटचा व्हायचा! तेवढ्या वेळात सगळी गाडी फलाटावर. कुणाला चहा हवा, कुणाला वडापाव, कुणाला तान्ह्या बाळासाठी दूध. प्रवाशांचा खोळंबा, पण विक्रेत्यांची रोजीरोटी!

पुढे कॉर्ड लाईन झाली. स्टेशनात न शिरता पुण्याकडून थेट मनमाडच्या रुळांवर नेणारा हा जोडमार्ग. काही गाड्या आता तिथूनच जातात. 'दौंड कॉर्ड लाईन' नावाचं वेगळं छोटं स्थानकही आहे. प्रवाशांचा वेळ वाचला, छानच झालं. पण फलाटावरच्या किटलीचं काय?

आता शेजारच्या शिरूरला चला. घोड नदीकाठचं म्हणून जुनी माणसं त्याला घोडनदीच म्हणतात. इथे रेल्वे नाही, पण पुणे-नगर रस्ता आहे. रस्ता गावातून जायचा तेव्हा ट्रकवाला जेवायला थांबे, प्रवासी केळी घेई. मग बाह्यवळण झालं आणि लांबची वाहनं गावाबाहेरून सुसाट जाऊ लागली. दुकान तेच, माल तोच, दुकानदारही तोच. फक्त गिऱ्हाईक वाट बदलून गेलं.

अशा वेळी काय करावं? जगातली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटोचा रोल विकायची. बिनरोलचा, म्हणजे डिजिटल कॅमेरा १९७५ साली तिच्याच एका इंजिनिअरनं बनवला होता, बरं का! पण कंपनीची कमाई रोलवर. ती नव्या वाटेला मनापासून लागलीच नाही, आणि २०१२ साली तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जपानची फुजीफिल्मही रोलच विकायची. तिनं मात्र स्वतःला विचारलं, "रोल जाऊ दे, रोल बनवताना आपण शिकलो काय?" रसायनांचं ज्ञान तिच्या गाठीशी होतं. ते तिनं औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरलं, आणि ती टिकली.

हाच प्रश्न आपण दौंडच्या चहावाल्याला विचारू या. समजा, तो म्हणाला, "मी गाडीला चहा विकतो," तर गाडी गेली की धंदा गेला. पण तो म्हणाला, "दहा मिनिटांत पन्नास जणांना गरम चहा देणं मला जमतं," तर? मग दौंड तालुक्यातच कुरकुंभला कारखाने आहेत, पाळी सुटल्यावर तिथे माणसं बाहेर पडतात. लग्नकार्यं आहेत. तसंच शिरूरच्या खानावळीचं. लांबचा प्रवासी गेला, पण आसपासच्या गावांतून बाजारहाटाला येणारी माणसं आहेतच. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या, घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना डबा हवाच की!

पण थांबा. "ज्याला बदलता आलं नाही तो आळशी," असं पटकन म्हणू नका हं. फलाटावर विकायला रेल्वेचा परवाना लागतो. उद्या मनात आलं म्हणून किटली उचलून दुसऱ्या स्टेशनात बसता येत नाही. बाह्यवळणावर जागा घ्यायला पैसे लागतात. घरात शाळेची फी भरायची असेल, म्हातारी आई आजारी असेल, तर नवा डाव मांडताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. मोठी कंपनी चुकली तर तिच्यापाशी वर्षं असतात, चहावाल्यापाशी आठवडाच असतो. म्हणून नवा रस्ता आखणाऱ्यांनी जुन्या रस्त्यावरच्या माणसांना आधी सांगावं, जमेल तिथे जागाही द्यावी. सगळ्यांचा वेळ वाचतो, तर त्याची किंमत एकट्या किटलीवाल्यानं का मोजायची?

तर या आठवड्याचं काम. तुमच्या गावात बंद पडलेलं किंवा रूप बदललेलं एक दुकान शोधा. एसटीडी बूथ असेल, कॅसेटचं दुकान असेल, कल्हईवाला असेल. त्या काका-मावशींना भेटा आणि विचारा, "तुम्ही काय विकत होता?" एवढं वहीत लिहून घ्या. आणि मग हळूच दुसरा प्रश्न विचारा, "तुम्हाला काय येत होतं?"

बघा, दुसऱ्या उत्तराला वहीचं पान पुरतं का!