कोणाला वाचवलं, कोणाला वाऱ्यावर सोडलं?



आफ्रिकेतल्या एखाद्या देशात फ्रेंच पलटण उतरली की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘तिथल्या सरकारच्या विनंतीवरून’. साठ वर्षं आपण हे वाक्य वाचतो, खरं मानतो आणि पान उलटतो. हे पत्रक त्या वाक्याविरुद्ध आहे. फौज विनंतीवरून जात नाही. समोरचा माणूस पडला तर फ्रान्सच्या पदरचं काय जाईल, हे पाहून ती जाते किंवा बराकीतच थांबते. खात्री करून घ्यायची असेल तर वाचवलेल्यांची आणि सोडून दिलेल्यांची नावं शेजारी शेजारी मांडून पाहा.

ऑगस्ट १९६३. काँगोची राजधानी ब्राझाव्हिल. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या आणि अध्यक्ष फुल्बेर युलू यांनी थेट पॅरिसला, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना फोन लावला. फ्रेंच सैन्य त्याच शहरात होतं. ते मदतीला आलं नाही. युलूंना राजीनामा द्यावा लागला. अवघ्या सहा महिन्यांनी, १७-१८ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री, शेजारच्या गॅबॉनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी अध्यक्ष लेओं म्बा यांना पकडून लाम्बारेनेला नेलं. कैदेतला माणूस विनंती करणार कुठून? तरीही डाकारहून आणि त्याच ब्राझाव्हिलहून फ्रेंच सैनिक विमानाने आले, आणि दोन दिवसांत म्बा पुन्हा खुर्चीवर बसले. गॅबॉनमध्ये तेल होतं आणि मुनानाच्या खाणीत युरेनियम होतं. फ्रान्सने पहिला अणुबॉम्ब १९६० मध्ये फोडला होता. पुढच्या बॉम्बसाठी हा माल हवा होता. म्बांनंतर १९६७ मध्ये ओमर बोंगो आले, ते २००९ मध्ये मरेपर्यंत राहिले, आणि मग त्यांचा मुलगा बसला, तो २०२३ पर्यंत. पॅराट्रूपरांनी वाचवलेली खुर्ची गॅबॉनच्या जनतेला अशी साठ वर्षं भोवली.

आता नायजर पाहा. २४ एप्रिल १९६१ रोजी फ्रान्सने आयव्हरी कोस्ट, दाहोमी (आजचं बेनिन) आणि नायजर यांच्याशी संरक्षण करार केला. संरक्षणाच्या करारात सैन्य, तळ, प्रशिक्षण यांची कलमं असणार, हे समजू शकतं. पण याच्या परिशिष्टात तेल, वायू, युरेनियम, थोरियम, लिथियम यांची यादी आहे. देशाची गरज भागली की हा माल आधी फ्रान्सला विकायचा. आणि संरक्षणहिताचं कारण पुढे आलं तर इतर देशांना तो विकण्यावर मर्यादा घालायची किंवा बंदीच. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. सैनिक आणि खाण एकाच कागदावर आले ते तेव्हापासून.

त्या करारावर नायजरचे अध्यक्ष आमानी जोरी यांचा भरवसा होता. १९७३ मध्ये जगभर तेल कडाडलं, तेव्हा आपल्या आर्लितच्या खाणींतल्या युरेनियमला जास्त भाव द्या, अशी मागणी त्यांनी फ्रान्सकडे लावून धरली. बोलणी सुरू होती. १५ एप्रिल १९७४ ला लष्कराने त्यांना उलथवलं, त्यांची पत्नी त्यात मारली गेली. राजधानीतली फ्रेंच तुकडी बाहेर पडली नाही. बंड पॅरिसने घडवलं, असा आमचा आरोप नाही. आरोप एवढाच की म्बांसाठी दोन परदेशी शहरांतून विमानं उठली, पण जोरींसाठी शेजारची बराकही उघडली नाही. करार होता, तरी नाही.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे सत्ताधीश बोकासा यांची गोष्ट वेगळी दिसते, पण हिशेब तोच. १९७७ मध्ये त्यांनी सम्राट म्हणून स्वतःचा राज्याभिषेक करून घेतला, त्याचा मोठा खर्च फ्रान्सने उचलला. एप्रिल १९७९ मध्ये राजधानी बांगीत शाळकरी मुलं मारली गेली आणि जगभर बोभाटा झाला. सप्टेंबरमध्ये बोकासा लिबियात असताना फ्रेंच विमानांनी सैनिकांसोबत नवा अध्यक्षही आणून उतरवला. कोणत्या सरकारने ही विनंती केली होती? फेब्रुवारी २०१९ मध्ये चाडमध्ये बंडखोरांच्या गाड्यांच्या ताफ्यावर फ्रेंच मिराज विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा वाचले ते १९९० पासून सत्तेवर असलेले इद्रिस देबी. २०२१ मध्ये ते मेले, घटना गुंडाळून मुलगा गादीवर आला, आणि फ्रान्सचे अध्यक्ष अंत्यविधीला पहिल्या रांगेत होते.

मालीचं उदाहरण आमच्या तोंडावर फेकलं जाईल, आणि ते टाळता येणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये जिहादी टोळ्या मालीतल्या कोन्ना शहरापर्यंत आल्या होत्या. फ्रेंच सैन्याने त्यांना मागे रेटलं तेव्हा टिंबक्टूच्या लोकांनी मनापासून स्वागत केलं. ते स्वागत खरं होतं. पण २०११ मध्ये फ्रान्सने पुढाकार घेऊन लिबिया मोडला, आणि तिथल्या कोठारांतली शस्त्रं वाळवंट ओलांडून याच टोळ्यांकडे गेली, हेही खरं आहे. आणि ३ जानेवारी २०२१ ला बुंती गावात एका लग्नाला जमलेल्या माणसांवर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत २२ मृतांपैकी १९ साधे गावकरी निघाले. फ्रान्सने ते आजवर मान्य केलेलं नाही. स्वागत करणाऱ्या देशानेच पुढे त्या सैन्याला घालवलं, ते उगाच नव्हे.

मालीत फ्रेंचांच्या जागी आलेले भाडोत्री रशियन बंदूकधारी आम्हाला तितकेच नकोसे आहेत. मार्च २०२२ मध्ये मालीचं सैन्य आणि परदेशी बंदूकधारी मौरा गावात घुसले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार किमान ५०० माणसं मारली गेली.

हे सगळं आफ्रिकेचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. आर्लितच्या खाणी पूर्वी चालवणारी फ्रेंच कंपनी अरेवा कोकणाला ठाऊक आहे. डिसेंबर २०१० मध्ये जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा करार तिच्याशीच झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्यात विरोध करणारा एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. ज्या नायजरने पन्नास वर्षं फ्रान्सच्या अणुभट्ट्यांना इंधन पुरवलं, तिथल्या बहुतेक घरांत आजही वीज नाही.

म्हणून मागणी अशी : जुने संरक्षण करार, त्यांच्या गुप्त परिशिष्टांसह, फ्रान्सने पूर्णपणे जाहीर करावेत, बुंतीच्या मृतांच्या घरच्यांना भरपाई द्यावी, आणि भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांत ही मागणी लावून धरावी. आपल्या खासदाराला पत्र लिहा. आणि ‘विनंतीवरून’ हा शब्द पुढच्या वेळी छापून आला, तर त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला विचारा : विनंती करणाऱ्याचं नाव काय, आणि त्या देशाच्या जमिनीखाली काय आहे?