मेलेल्या नळाचा जिवंत शेरा

पुणें-बंगळूर रस्त्याला लागून, सातारा आणि कऱ्हाड यांच्या दरम्यान, आमच्या ओळखीच्या एका कुंभाराचें घर आहे. घरामागें सव्वा एकर जमीन. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं एका शहराच्या पाण्याचा नळ या जमिनींतून रस्त्याच्या कडेकडेनें गेला. चार पैसे हातावर पडले, सात-बाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत शेरा बसला, आणि नळाच्या पट्टींत विहीर खणूं नये, झाड लावूं नये, भिंत घालूं नये असें ठरलें. पुढें शहरानें दुसऱ्या वाटेनें मोठा नळ नेला. जुना कोरडा पडला. कोठें कोठें तर तो भंगारांतहि गेला. नळ मेला, शेरा मात्र जिवंत आहे. आतां घरचा मुलगा रस्त्याकडेला माल मांडण्यासाठीं पत्र्याची शेड घालूं म्हणतो, तर बँक सांगते, आधीं शेरा काढून आणा. आणि शहरवाले म्हणतात, राहूं द्या, पुढेंमागें लागेल!

पुढेंमागें लागेल! एवढ्या एका बोलावर गरिबाची जमीन किती पिढ्या अडवून ठेवावयाची? आमच्या घरीं कोणी नांगर मागून नेला आणि पेरणी झाल्यावरहि परत दिला नाहीं, तर त्याला आम्ही काय म्हणतों?

कायद्याला ही गोष्ट नवी नाहीं. दुसऱ्याच्या जमिनीवरील वाटेचे, पाण्याचे हक्क सांगणारा सुविधाधिकाराचा कायदा 1882 सालचा. मुंबई इलाख्यास तो 1891 सालीं लागू झाला. त्याच्या 38 व्या कलमांत, हक्कदारानें हक्क सोडला म्हणजे तो संपतो असें आहे. 42 वें कलम सांगतें कीं, जो हक्क कधींच व कोणत्याहि परिस्थितींत उपयोगी पडण्यासारखा उरला नाहीं, तो संपला. 47 व्या कलमाप्रमाणें सलग वीस वर्षें वापर नसेल तर, कांहीं अपवाद सोडून, हक्क बुडतो. 1885 च्या तारेच्या कायद्यांत सुद्धां दुसऱ्याच्या रानांत खांब रोवला म्हणून जमीन सरकारची होत नसे. फक्त वापराचा हक्क मिळे, आणि मालकाला तेथें कांहीं करावयाचें असेल तर 17 व्या कलमानें तार बाजूला न्या असें म्हणतां येई. परक्या सरकारला जें सुचलें, तें आमच्याच मतांवर निवडून आलेल्या मंडळींस सुचूं नये?

अमेरिकेंत शहरें असे निरुपयोगी हक्क सोडून देतात. मालक अर्ज करतो. शहर पाणी, वीज, टेलिफोन या सर्वांना विचारतें कीं, त्या पट्टींत तुमचें कांहीं आहे काय? नसेल तर जाहीर सुनावणी होते, ठराव होतो, आणि जमिनीच्या दप्तरांत त्याची नोंद होते. यांत जादू कांहींच नाहीं. पुढें खरोखर गरज पडलीच, तर शहरानें पुन्हां यावें, रीतसर हक्क घ्यावा आणि त्या दिवशींच्या भावानें भरपाई द्यावी.

आमचें खरें दुखणें निराळेंच आहे. शेरा असलेली जमीन पडत्या भावानें जाते, हें दलालाला पक्कें ठाऊक असतें. तो कंटाळलेल्या मालकाच्या ओट्यावर येऊन बसतो, "असल्या जमिनीला कोण विचारतो, दादा?" म्हणतो आणि घेऊन टाकतो. मग जो शेरा कुंभाराला दहा वर्षें निघाला नाहीं, तो मोठ्या धन्याच्या एका फेरींत निघतो. उद्यां तेथें हॉटेल उभें राहतें, आणि कुंभाराचा पोरगा त्याच हॉटेलांत कपबशा विसळतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मालकाच्या अर्जाची वाटच पाहूं नये. नवा नळ सुरू झाला, त्याच सालीं जुन्या वाटेवरचे हक्क सोडण्याचें काम ज्यानें ते घेतले त्यानेंच करावें.

एक खबरदारी मात्र हवी. गायरान, पाणंद, सरकारी रस्त्याची कड ही सर्वांची मालमत्ता. "हिचाहि आतां उपयोग नाहीं" असें म्हणून ती कोणाच्या घशांत घालण्यास आमचा पाठिंबा नाहीं. आम्ही बोलतों तें खाजगी जमिनीवर बसलेल्या ओझ्याविषयीं.

लेखणीची सत्ता काय असते, हें छत्रपति शाहू महाराजांनीं ओळखलें होतें. 1918 सालीं त्यांनीं करवीर राज्यांतील कुळकर्णी वतनें खालसा करून पगारी तलाठी नेमले. वतन गेलें, पण जुनी ओळ खोडावयास हात आजहि लवकर उचलत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या जमिनी रस्त्याकडेला आहेत, त्यांनीं उतारा काढून 'इतर हक्क' रकाना कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. शेरा असेल तर तो कोणत्या फेरफारानें व कोणत्या कायद्यानें बसला तें पाहावें, कारण सर्वच हक्क 1882 च्या कायद्याखालचे नसतात. नळ चालूं आहे कीं बंद, हें माहितीच्या अधिकारांत लेखी विचारावें. दहा रुपये फी पडते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. बंद असें उत्तर आलें, कीं तेंच जोडून हक्क सोडण्याचा ठराव व लेख मागावा. ते हातीं आले म्हणजे तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते, नोटिसा निघतात, आणि हरकत नसल्यास मंडल अधिकारी ती मंजूर करतो. अर्जाच्या प्रतीवर पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये.

आमच्या कुंभारानें गेल्या सोमवारीं अर्ज दिला. उत्तर येईल तें याच पानावर छापूं. न आलें तर तेंहि छापूं.