जुने ते सोने; पण गंजले ते लोखंडच

'जुने ते सोने' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण रचणाऱ्याने दाखला सोन्याचा घेतला यातच त्याचे चातुर्य आहे. कारण सोने गंजत नाही. परंतु आपल्या भोवतालच्या बहुतेक जुन्या वस्तू लोखंडाच्या, लाकडाच्या नि मातीच्या असतात, आणि काळ त्यांच्यापासून आपला कर वसूल केल्यावाचून राहत नाही. तेव्हा जुन्याचा मान राखावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यानंतर एका पत्र्याच्या टाकीने आमच्या घरी उभा केला. त्यावरून आमचे जे मत बनले, ते विद्यार्थिमित्रांपुढे मांडीत आहोत.

आमच्या आजोबांनी घेतलेली १९६५ सालची फियाट ११०० मोटार अद्याप आमच्या अंगणाच्या कडेला उभी असते. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात ती घडली. हल्ली वर्षातून चार-दोन वेळाच ती बाहेर पडते. पावसाळा सरला आणि ती चालता चालता आचके देऊ लागली. कार्ब्युरेटर उघडून पाहिला, तो तांबूस गाळाने भरलेला! त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आई तिन्हीसांजेस तुळशीपाशी दिवा लावीत असता, पेट्रोलचा उग्र वास आला. टाकीच्या तळाला बारीक छिद्र पडून थेंब थेंब पेट्रोल जमिनीवर ठिबकत होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते. दिवा आणि मोटार यांत दहा-बारा पावलांचेच अंतर होते. बाबांनी धावत जाऊन दिवा मालवला. त्या रात्री घरात कोणाला धड जेवण गेले नाही.

हे घडले कसे? आळसाने, असेच म्हणावे लागेल. टाकी अर्धी रिकामी ठेवली की उरलेल्या जागेत आमच्या कोकणपट्टीची दमट हवा शिरते. रात्री पत्रा थंड झाला म्हणजे त्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि पत्रा आतून खाऊ लागते. त्यात २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले तर दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन खाली बसतात. साठ वर्षांपूर्वीच्या टाकीने आणि रबरी नळ्यांनी हे इंधन कधी पाहिलेलेच नव्हते.

आता उपाय कोणता, यावर घरात तीन पक्ष पडले. बाबांचे म्हणणे, टाकी आजोबांच्या वेळची आहे, डाख देऊन तीच ठेवावी. एका आप्ताचे मत, मोटारच भंगारात द्यावी. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या शेजाऱ्यांनी सुचविले की, आतून रसायनाचा थर द्यावा, म्हणजे मूळपण जात नाही.

भंगाराचा मार्ग आम्हांस कृतघ्नपणाचा वाटला. डाख देण्यास आमच्या मेकॅनिकने साफ नकार दिला. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहूनही भयंकर, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते; आच लागताच ती बॉम्बसारखी फुटते. रसायनाचा थर, पत्रा जाड असून गंज वरवरचा असेल तर, उपयोगी पडतो; पण चाळण झालेल्या पत्र्यावर तो किती टिकणार? उद्या त्याचे पापुद्रे सुटले की तेच नळीत अडकावयाचे.

म्हणून आमचे मत टाकी बदलण्याचे पडले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांतही सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांत फेरफार नसावा अशी अट आहे. टाकीचे नाव त्यांत नाही. आणि नियम दूर ठेवले तरी आपली घरे काय सांगतात? दर वर्षी मृगापूर्वी आपण घर शाकारतो, फुटकी कौले उतरवून नवी चढवितो. म्हणून ते पणजोबांचे घर राहत नाही, असे कोणी म्हणते काय? उलट, कौले न बदलणाऱ्याचेच घर कोसळते.

अखेर बाबा राजी झाले. बॅटरीची तार सोडून, उघड्या जागी पेट्रोल काढून घेऊन, जुनी टाकी उतरविली. त्याच मापाची नवी टाकी, नव्या रबरी नळ्या आणि नवा फिल्टर बसविला. एक गंमत मात्र झाली. पेट्रोलचा काटा काही केल्या हलेना! शेवटी कळले की, नव्या रंगामुळे विजेची वाट अडली आहे. स्क्रूखालचा रंग खरवडताच काटा हलला आणि बाबांच्या मुद्रेवर किती दिवसांनी हसू उमटले. नव्या टाकीच्या तळाशी त्यांनी स्वहस्ते बदलाचे साल रंगविले. पुढे कोणी तिला मूळची समजून फसू नये म्हणून.

जुने जपणे याचा अर्थ आम्हांस या सालाने शिकविला. काय टिकवावे आणि काय बदलावे हे डोळे उघडे ठेवून ठरवावे, आणि जे बदलले ते लपवू नये. गंजाला परंपरा म्हणून पुजणे ही भक्ती नव्हे, आणि गंज दिसताच सारे भंगारात टाकणे ही प्रगती नव्हे.

मोटार आता सुरळीत चालते. टाकी आम्ही भरलेली ठेवतो. आणि आईचा दिवा तिन्हीसांजेस पूर्वीच्याच जागी, निर्धास्तपणे तेवतो.