एका एन्झाइमचे सत्र

न्यूरोसायन्सच्या एमएस्सीचा अभ्यासक्रम दर फेररचनेत लांबतच चालला आहे. आयन चॅनेलपासून स्मृतीपर्यंत, स्टेम सेलपासून एआयपर्यंत सारे चार सत्रांत कोंबायचे आणि हाताने करायचे काम शेवटच्या डिझर्टेशनवर ढकलायचे. प्राणिशास्त्र, फार्मसी, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी आलेली मुले मग नोट्स पाठ करतात. दुसरे करतील काय?

आमचे म्हणणे, पहिल्या सत्राची सगळी प्रॅक्टिकल्स एकाच एन्झाइमला द्या. ग्वाल्हेरात तर ते शोधायलाही नको: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. जिवाजी विद्यापीठात न्यूरोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे. याच शहरात डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा रासायनिक अस्त्रांपासून बचावावर काम करते, आणि नर्व्ह एजंट नेमके हेच एन्झाइम बंद पाडतात. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचाही घाव तिथेच. कीटकनाशक पोटात गेलेला, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला, लाळ गळणारा रुग्ण आपल्याकडच्या कुठल्याच सरकारी रुग्णालयाला नवा नाही. इथे तर १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेणू, अस्त्र आणि रुग्ण एकाच गावात असण्याचा योग फार विभागांच्या नशिबी नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये जीवशास्त्राच्या वर्गातले प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. ते योग्यच झाले. पण मेंदू कधी हातात न धरता पदवी मिळवणे आता सहज शक्य आहे. खाटकाकडून आणलेला बकऱ्याचा ताजा भेजा बर्फावर ठेवावा. फॉर्मॅलिनमधल्या घट्ट नमुन्यावर शिकलेल्याला तो बोटाखाली दबतो याचेच पहिले नवल वाटते. त्यातला स्ट्रायटम आणि सेरेबेलम वेगळे काढून बफरमध्ये वाटावेत आणि या एन्झाइमची क्रिया मोजणारी एलमनची १९६१ ची पद्धत लावावी. क्युवेटमध्ये पिवळा रंग चढत जातो, ४१२ नॅनोमीटरवर रीडिंग वाढत जाते. स्ट्रायटमचा रंग भराभर चढतो, सेरेबेलमचा रेंगाळतो. का, हे पुस्तकात आहेच. पण आता ते शोधण्याची गरज विद्यार्थ्याला वाटते.

खरे शिक्षण पुढे, रक्ताच्या नमुन्यावर. हिमोग्लोबिन त्याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते, सब्स्ट्रेट आपोआपही थोडे फुटते, आणि ब्युटिरिलकोलिनएस्टरेज मध्येच लुडबुड करते. ब्लँक कशाला लावायचा हे तीन आकडे चुकल्याशिवाय कळत नाही. संख्याशास्त्रही इथेच शिकवावे. एका मेंदूच्या तीस नळ्या केल्या म्हणून एन (नमुनासंख्या) तीस होत नाही, एकच राहतो. ही चूक छापील शोधनिबंधांतही सापडते, आणि समीक्षकांच्या नजरेतून सुटते, हे अधिक वाईट.

‘मग नेटचे काय?’ हा प्रश्न येणारच. सीएसआयआर-नेट परीक्षेचा व्याप मोठा आहे, मान्य. पण तिथल्या तिसऱ्या भागातले प्रश्न प्रयोगाची आकृती समोर ठेवून निष्कर्ष विचारतात, आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही. विभागाच्या लेखी परीक्षेतही एक बिघडलेला आलेख द्यावा, बिघाड कुठे आहे ते विचारावे.

खर्च फार नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक विभागांत असतोच. अडतो तो कागद: मानवी रक्तासाठी नीतिसमितीची मंजुरी, रुग्णालयात विद्यार्थ्यांना बसू देण्याचे पत्र, संरक्षण प्रयोगशाळेतल्या वक्त्याची परवानगी. सत्र जुलैत सुरू होते. विभागप्रमुखांनी हे अर्ज मार्चमध्येच धाडावेत.