भिंत हीच चित्रशाळा

एखाद्या कलावंताची कृती पाहून मन तृप्त झाले, की ती जेथे घडली ती जागाही एकदा पाहावी, अशी ओढ रसिकास लागते. फ्रान्समध्ये एक्स् ह्या गावाबाहेरील टेकडीवर सेझां नावाच्या चित्रकाराने १९०२ साली बांधून पुरी केलेली चित्रशाळा लोक आजही भक्तिभावाने पाहतात. तिची उत्तरेकडील भलीमोठी खिडकी, आणि मोठाली चित्रे बाहेर काढता यावीत म्हणून भिंतीत मुद्दाम ठेवलेली उंच अरुंद फट पाहिली, म्हणजे ह्या गृहस्थाने आपल्या कामाच्या जागेचा केवढा विचार केला होता, हे ध्यानी येते. इतके दूर जावयासही नको. पुण्यातील शिवछत्रपतींचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) ह्यांचे अलिबागेजवळील सासवण्याचे घर त्यांच्या शिल्पांसह जतन केलेले आहे. चित्रकार धुरंधरांनी तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली, तेव्हा पुस्तकास ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच नाव दिले. कामाच्या जागेस मंदिर म्हणावे, ह्यात सर्व काही आले.

चित्रशाळा ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात राणी धारिणी चित्रशाळेत बसून ओल्या रंगाचे नवे चित्र न्याहाळीत असते, तेथेच राजाची दृष्टी चित्रातील मालविकेवर पडते आणि पुढील सारे नाटक घडते. तथापि ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की कलेस घरसंसारापासून वेगळी काढलेली खोली हवी, भरपूर उजेड हवा, आणि कोणी हाक मारणार नाही असा निवांतपणा हवा. हे गृहीत सर्वत्र खरे नाही, आणि ते जेथे खोटे ठरते ती जागा आमच्या ह्या पालघर जिल्ह्यातच आहे.

पालघरहून उत्तरेस जाणारी गाडी बोईसरास पोहोचली, म्हणजे पश्चिमेच्या अंगास कारखान्यांची वसाहत आणि त्यापलीकडे समुद्रकाठी तारापूरचे अणुवीजकेंद्र येते. १९६९ साली हे केंद्र सुरू झाले आणि तारापूरचे नाव देशभर झाले. पूर्वेच्या अंगास मात्र डोंगरपट्टी आणि वारल्यांचे पाडे आहेत. वाणगाव मागे टाकून डहाणू रोड स्थानकावर उतरावे आणि पूर्वेची वाट धरावी, म्हणजे गंजाड हे गाव लागते. तेथील कळंबीपाड्यात जिव्या सोमा म्हसे राहत आणि तेथेच चित्रे काढीत. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री हे मान मिळविलेल्या ह्या चित्रकाराचे देहावसान १५ मे २०१८ रोजी झाले.

म्हसे ह्यांची कला ज्या जागेत जन्मली ती जागा म्हणजे वारल्याचे घर. कारवीच्या काठ्या बांधून केलेला कूड, त्यावर माती आणि शेण ह्यांचा गिलावा, आणि चित्र काढावयाचे असेल तेव्हा त्यावर गेरूचा हात. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात भिंतीची तयारी सविस्तर सांगितली आहे. वारली स्त्रीने ते सूत्र वाचलेले नसते, परंतु भिंत नीट सारवल्यावाचून चित्रास हात घालावयाचा नाही, हा नियम तिला ठाऊक असतो. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. कुंचला म्हणजे टोकास चावून मऊ केलेली बांबूची काडी. घरात उजेड बेताचा. दारातून आणि कुडाच्या फटींतून येईल तेवढाच. सेझांने उत्तरेच्या उजेडासाठी खिडकी बांधली. येथे उजेड थोडा म्हणून की काय, तांबड्या-काळसर भिंतीवर शुभ्र रेघ उमटविली जाते आणि ती अंधारातही डोळ्यांत भरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे चित्र हौसेने वाटेल तेव्हा काढावयाचे नसते. ते लग्नकार्यासाठी असते, आणि ते काढण्याचा अधिकार परंपरेने सवाशिणींचा. चौकोनाच्या मध्यभागी पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, आणि बाहेर झाडे, जनावरे, माणसे. ह्यास चौक म्हणतात. चौक पुरा झाल्यावाचून लग्न लागत नाही, आणि लग्नाची गाणी म्हणून विधी चालविणारी धवलेरी हीही स्त्रीच. घर, देवघर आणि चित्रशाळा येथे तीन नाहीत. एकाच भिंतीस प्रसंगाप्रमाणे ती तीन नावे लाभतात. चित्राखाली कोणाची सही नसते. पुढे कधीतरी भिंत पुन्हा सारवली जाते, चित्र जाते, आणि त्याचा शोक कोणी करीत नाही. कारण पुढल्या लग्नात नवा चौक निघावयाचाच असतो.

ह्या भिंतीवरील चित्र कागदावर आले ते १९७० नंतरच्या काही वर्षांत. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेत गेले होते व तेथील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. तेच पुढे ह्या डोंगरपट्टीत आले. मिथिलेत कागद स्त्रियांनी उचलला. येथे तो मुख्यतः पुरुषांच्या हाती गेला, आणि त्यांत अग्रणी ठरले ते जिव्या सोमा. लहानपणीच आई गेल्याच्या धक्क्याने ह्या मुलाची वाचा बसली होती आणि तो धुळीत चित्रे काढून मनातले सांगत असे, अशी त्यांची हकीकत सांगतात. धूळ ही त्यांची पहिली पाटी. पुढे त्यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पाऊल टाकले. मध्ये तारपा वाजविणारा आणि भोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, किंवा सारा पट व्यापून टाकणारे मासे धरावयाचे जाळे, अशी त्यांची चित्रे पाहिली, म्हणजे वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्याच भांडवलावर हा मनुष्य केवढा व्यापार करीत होता, ते कळते. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे त्यांची चित्रे रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताच्या कामासह मांडली गेली. हे लाँग १९६७ साली गवतावरून पुन्हा पुन्हा चालून उमटलेली पायवाट हीच आपली कलाकृती म्हणून दाखविणारे गृहस्थ. एकाची चित्रशाळा पायवाट, दुसऱ्याची भिंत. दोघांची जोडी आम्हास तरी विजोड वाटत नाही.

कागदाने लाभ झाला, ह्यात शंका नाही. अनेक घरांत शेतीच्या जोडीस दोन पैसे आले, आणि वारली हे नाव जगास कळले. परंतु हानीचाही हिशेब मांडिला पाहिजे. जी कला स्त्रीच्या अधिकाराची होती, तिच्यात नाव आणि द्रव्य मिळू लागताच ती बहुतांशी पुरुषांची झाली. आज तीच माणसे आणि तीच झाडे चादरींवर आणि कपबश्यांवर यंत्राने छापली जातात, आणि त्या छापाशी कोणत्याही पाड्याचा संबंध असतोच असे नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की मग कुडाची घरेच जशीच्या तशी राखावीत. आम्हास हे मान्य नाही. ज्यास आषाढातील गळत्या छपराखाली निजावे लागत नाही, त्याने दुसऱ्यास ‘तू पक्के घर बांधू नको, आमच्या डोळ्यांचे सुख जाईल’ असे सांगणे ह्यास कलाप्रेम म्हणत नाहीत. विटांच्या भिंतीसही गेरू लागतो. राखावयाचे आहे ते झोपडीचे छप्पर नव्हे. कार्यापूर्वी भिंत सारवण्याचा रिवाज, ती रंगविण्याचा सवाशिणीचा मान, आणि त्यासाठी तिला मिळणारा वेळ. सासवण्याचे घर कुलूपकिल्लीने जतन होते. ही चित्रशाळा केवळ वापराने जतन होते.

आणि हा प्रश्न वारल्यांचाच आहे असे मानून आमच्या वाचकांनी स्वस्थ बसू नये. आपल्या घरांतही एक बिनभिंतीची चित्रशाळा होती. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण निघत असे. गौर, शंख, चक्र, कासव, गाईची पावले, तुळशीवृंदावन, सूर्य, चंद्र हे सारे आजीच्या बोटातून सुनेच्या आणि सुनेच्या बोटातून नातीच्या बोटात येई. सही तेथेही नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सडा पडताच चित्र पुसले जाई. आता पुष्कळ ठिकाणी अंगण राहिले नाही. उंबरठ्यावर रांगोळीचा छापील तुकडा चिकटविला, की काम भागते. जागा गेली हे खरे. पण जागेआधी वेळ गेला, आणि वेळेआधी त्या कामाची किंमत गेली, हे अधिक खरे.

म्हणून दोन सूचना करितो. वारली चित्र विकत घ्यावयाचे झाल्यास ते कोणी काढले, कोणत्या पाड्यात काढले, हे विचारावे, आणि सांगितलेली किंमत घासाघीस न करिता द्यावी. दुसरी सूचना घरातल्यासाठी. एकत्र कुटुंबात प्रत्येकास स्वतंत्र खोली देणे कोणास शक्य नाही, आणि ती नाही म्हणून कोणाचे अडतही नाही. परंतु घरातील एखादी भिंत, किंवा जिन्याखालचा एखादा कोनाडा, ज्या मुलीस अथवा सुनेस रेघ ओढण्याची आवड आहे तिच्याकडे सोपवावा, आणि दिवसातील एक तास तिला पाणी मागण्यासाठीही कोणी हाक मारू नये. भिंत थोडी खराब होईल. ती पुन्हा रंगविता येते.