डिकीवरील दोन अक्षरे

महाड-पोलादपूर परिसरातील तरुण शिक्षण संपवून एमआयडीसीत, पुण्यात वा पनवेलला नोकरीस लागला की पहिल्या दोन-तीन वर्षांत घरात गाडीचा विषय निघतो. नवी वेगवान गाडी पगाराच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून दृष्टी सेकंड-हँड बाजाराकडे वळते. या बाजारात तरुणांच्या मनात घर करून बसलेले एक नाव म्हणजे फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी’. मुलगा म्हणतो, “पप्पा, जीटीच घेऊ या.” वडील म्हणतात, “अरे, स्विफ्ट घे, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होते.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि ‘जीटी’ या दोन अक्षरांखाली नेमकी कोणती गाडी विकत घेतली जात आहे, हा मूळ प्रश्न या वादात बहुधा बाजूलाच राहतो.

पोलो ही आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी गाडी होती. 2010 मध्ये ती भारतीय बाजारात आली आणि 2022 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या बारा वर्षांत तिचा बाह्याकार फारसा बदलला नाही. बोनेटखाली मात्र मोठे फेरबदल झाले. आरंभीच्या साध्या पेट्रोल पोलोत 1.2 लिटरचे 75 अश्वशक्तीचे इंजिन होते. 2013 मध्ये ‘जीटी टीएसआय’ आली. तिच्यातही 1.2 लिटरचेच, पण टर्बो असलेले 105 अश्वशक्तीचे इंजिन आणि सात गिअरची स्वयंचलित डीएसजी पेटी होती. त्याच वर्षी डिझेलवरील ‘जीटी टीडीआय’ही आली. तिचे इंजिन प्रथम 1.6 लिटरचे होते. 2014 च्या फेरबदलानंतर ते 1.5 लिटरचे झाले. 2020 मध्ये बीएस-6 मानके लागू होताच डिझेल बंद झाले आणि 1.0 लिटरचे, तीन सिलिंडरचे, 110 अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आले. म्हणजे ‘जीटी’ हे नाव एकच असले तरी त्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्या प्रत्यक्षात निरनिराळ्या आहेत.

घाटात या फरकाला विशेष अर्थ आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना सुमारे 40 किलोमीटरच्या वाटेत गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंचीवर चढते. तेथे कमाल वेगाला किंमत नसते. कमी फेऱ्यांवर इंजिन किती जोर लावते, याला असते. साध्या 1.2 पेट्रोल इंजिनाचा टॉर्क 110 न्यूटन-मीटर असून तो मिळवण्यासाठी इंजिन बरेच पिळावे लागते. दोन्ही टीएसआय इंजिनांचा टॉर्क 175, तर जीटी टीडीआयचा 250 न्यूटन-मीटर. टर्बोमुळे हा जोर पुष्कळ कमी फेऱ्यांवर हाती येतो. चार माणसे आणि सामान घेऊन वळणावरील चढ चढताना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

तथापि जोराच्या आधी सुरक्षिततेचा विचार हवा. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. त्यानंतर कंपनीने एअरबॅगविना पोलो विकणे बंद केले. तेव्हा 2014 पूर्वीची खालच्या श्रेणीची पोलो कितीही स्वस्तात मिळाली तरी कुटुंबासाठी ती घेऊ नये. जीटीमध्ये आरंभापासून दोन एअरबॅग आणि एबीएस होते. जीटी टीएसआयमध्ये ईएसपीही होती. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली तर ही यंत्रणा एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तोल सावरते. आपल्याकडचा पाऊस आणि शेवाळलेले घाटरस्ते ध्यानात घेता सनरूफ किंवा मोठ्या पडद्यापेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे. इतर श्रेणींत ती आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर ईएसपीचा दिवा क्षणभर लागतो, तो स्वतः पाहावा.

आता पिढ्यांची निवड. 2013 ते 2019 या काळातील जीटी टीएसआयचे आकर्षण तिच्या डीएसजी पेटीत आहे आणि धोकाही तेथेच आहे. या पेटीतील दोन क्लच कोरडे असतात. वाहतूक कोंडीत गाडी इंच-इंच सरकू लागली की ते तापतात आणि झिजतात. पेटीचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडल्यास दुरुस्ती फार खर्चाची ठरते. म्हणून अशी गाडी पाहताना इंजिन पूर्ण तापल्यावर एखाद्या सौम्य चढावर ती अगदी संथ चालवून पाहावी. उचलताना थरथर किंवा हिसका जाणवला तर सौदा तेथेच थांबवावा. सर्व्हिसच्या सलग नोंदी नसतील तरीही तेच करावे.

डिझेल जीटी मुंबई-गोवा महामार्गावर सतत ये-जा करणाऱ्याला परवडते. केवळ रविवारी बाहेर निघणाऱ्याला नाही. उत्सर्जन प्रकरणानंतर डिसेंबर 2015 मध्ये या समूहाने भारतात सुमारे 3,23,700 डिझेल गाड्या सुधारणेसाठी परत बोलावण्याची घोषणा केली होती. त्या काळातील गाडी असेल तर ती सुधारणा झाल्याची नोंद मागावी.

2020 नंतरच्या गाडीत कोरड्या क्लचची पेटी गेली आणि सहा गिअरची पारंपरिक स्वयंचलित पेटी आली. येथे एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तेच 110 अश्वशक्तीचे इंजिन सहा गिअरच्या हाती पेटीसह ‘हायलाइन प्लस’ या श्रेणीतही मिळत असे, परंतु तिच्या डिकीवर ‘जीटी’ ही अक्षरे नव्हती. ज्याला घाट चढण्याचा आनंद हवा आहे त्याला तो या गाडीत तितकाच मिळतो. उलट, साध्या पोलोवर ‘जीटी’ची अक्षरे चिकटवलेली गाडीही बाजारात दिसू शकते. म्हणून अक्षरांवर न जाता आरसीवरील इंजिन क्रमांक, चासिस क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष गाडीशी ताडून पाहावेत.

महाडकरांना आणखी एक तपासणी सांगावी लागू नये, तरीही ती सांगणे आवश्यक आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात शहरातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर चढवून दूरच्या शहरात विकली जाऊ शकते, तशीच दूरच्या पुरातील गाडी आपल्याकडे येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालचा कुबट वास, डिकीत स्टेपनीखाली साचलेली माती आणि हेडलाइटमधील बाष्प या खुणा सहसा लपत नाहीत. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहासही मागावा. प्रामाणिक विक्रेता या चौकशीने दुखावत नाही.

पैशाचे गणितही पिढीशी बांधलेले आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर नूतनीकरण करावे लागते. 2013 ची गाडी 2028 मध्ये त्या मुदतीस पोहोचते, 2020 ची 2035 मध्ये. जुन्या गाडीसाठी आज पाच वर्षांचे कर्ज काढल्यास नोंदणीची मुदत संपल्यावरही हप्ते चालूच राहतील. उदाहरणादाखल 5 लाख रुपये, दरसाल 12 टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे 11,122 रुपये होतो आणि एकूण व्याज 1,67,000 रुपयांच्या पुढे जाते. त्यात विमा, टायर आणि किमान एका मोठ्या दुरुस्तीची तरतूद मिळवावी. हे सारे पगारात बसत नसेल तर वडिलांची ‘स्विफ्ट’च योग्य. तिचे सुटे भाग जवळपास मिळतात. पोलोसाठी जवळचे अधिकृत सेवाकेंद्र कोठे आहे, हे सौद्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. मात्र स्विफ्ट घेतानाही एअरबॅगचा निकष सोडू नये. तिच्याही जुन्या, एअरबॅगविना आवृत्तीला 2014 मध्ये शून्यच तारे मिळाले होते.

व्यवहार ठरल्यावर कागदांत घाई नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्जफेडीचा दाखला आणि फॉर्म 35 हाती आल्याविना पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म 29 व 30 कोरे सही करून देण्याची किंवा घेण्याची प्रथा दोन्ही पक्षांना घातक आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असा कायदा आहे. आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकूनही नाव न बदलल्यास दुसऱ्याने केलेल्या अपघाताची नोटीस आपल्या दारी येते. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो.

सारांश, निवडीचा क्रम असा असावा: प्रथम एअरबॅग, एबीएस आणि ईएसपी, मग इंजिन व गिअरपेटीची पिढी, त्यानंतर त्या विशिष्ट गाडीचा पूर्वेतिहास आणि कागद, आणि सर्वांत शेवटी श्रेणी. नव्या पिढीची साधी श्रेणी जुन्या पिढीच्या उच्च श्रेणीपेक्षा बहुतेक कुटुंबांना अधिक काळ साथ देते. मुलाच्या हौसेला सरसकट नकार देण्याऐवजी वडिलांनी हा क्रम त्याच्या हाती द्यावा आणि गाड्या पाहायला त्याच्यासोबत जावे. या सर्व पायऱ्यांवर उतरलेल्या गाडीच्या डिकीवर ती दोन अक्षरे असतील तर उत्तमच. नसतील तर किमतीत थोडी घासाघीस करायला तेवढाच वाव मिळतो.